पगार नाही? मग थेट सहावा प्रश्न!

टाइमशीटमध्ये आठ तास भरले म्हणजे आठ तास काम झालं असं नव्हे, हे प्रत्येक आयटीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही छापील आकडा दिसला की आपण मुकाट मान डोलावतो. 'संधिवातामुळे इतक्या कोटींची उत्पादकता बुडाली' असं कुठे वाचलं की मला मात्र पहिला प्रश्न पडतो... मोजली कशी राव?

तर मंडळी, मोजतात प्रश्नावलीने. त्यातली बरीच गाजलेली म्हणजे 'डब्ल्यूपीएआय'. १९९३ सालची, आणि संधिवाताच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये सर्रास वापरली जाणारी. जेमतेम सहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत आजारामुळे किती तास बुडाले, किती तास काम केलंत, आणि काम करताना दुखण्याने किती अडवलं ते शून्य ते दहामध्ये सांगा. सुटसुटीत!

पण पहिला प्रश्न काय आहे माहितीये? 'तुम्ही सध्या पगारी काम करता का?' उत्तर 'नाही' असेल तर मधले चार प्रश्न गाळून थेट सहाव्यावर उडी. तिथे घरकाम, बाजारहाट, मुलं सांभाळणं, व्यायाम, अभ्यास, सगळ्याला मिळून शून्य ते दहामधला एकच आकडा.

आता आमवात बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो. माझ्या मावशीला आहे. सकाळी बोटं अशी आखडतात की तासभर मूठ वळत नाही. कणीक मळायची, कुकरचं झाकण लावायचं, कपडे पिळायचे. सातचा डबा चुकू नये म्हणून ती पाचाऐवजी चारला उठते. डबा रोज वेळेवर जातो, म्हणजे नुकसान शून्य! पूर्वी ती ब्लाउज शिवून द्यायची. हात साथ देईनात म्हणून मशीन बंद केलं. ज्या दिवशी बंद केलं, त्या दिवसापासून तिचे 'बुडालेले तास' या हिशोबातून गायब. बंद पडलेले सर्व्हर यादीतून काढून टाकायचे आणि अपटाइम शंभर टक्के दाखवायचा, तसलाच प्रकार.

बरं, पगारदारांचं तरी नीट मोजतात का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात संधिवाताच्या त्याच रुग्णांना चार वेगवेगळ्या प्रश्नावल्या दिल्या. कामावर हजर असूनही वाया गेलेला वेळ दोन आठवड्यांत किती? एकीच्या मते सरासरी दीडेक तास, दुसरीच्या मते चौदा! आपल्या मॉनिटरिंग टूलने असा घोळ घातला तर आपण ते दुसऱ्या दिवशी काढून टाकू. इथे त्याच तासांना पगाराने गुणून पैशांचा आकडा काढतात. म्हणजे माझा दुखरा गुडघा महाग आणि आमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंचा स्वस्त. महागडं औषध कोणाला 'परवडतं', हे अशा हिशोबाने ठरवायचं?

कोणी म्हणेल, अरे बाबा, ही प्रश्नावली नोकरीसाठीच बनवलेली आहे. मान्य. मग त्या आकड्याला 'मालकाचं नुकसान' म्हणा, समाजाचं म्हणू नका.

आणि घरकाम मोजता येत नाही, ही तर शुद्ध थाप आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या कीर्ती खटल्यात गृहिणीच्या कामाचं मोल धरताना हेच आकडे पुढे ठेवले. कोर्टाला जमतं ते संशोधकांना का जमू नये?

माझं मागणं साधं आहे. पहिला प्रश्न बदला. 'पगारी काम करता का' ऐवजी 'दिवसभरात काय काय काम करता' असं विचारा. आजारामुळे काम सोडलं का, हेही विचारा. तेच काम उरकायला किती जास्त वेळ लागतो आणि कोणाची मदत लागते, ते तासांत लिहून घ्या. रुपये नंतर लावा, आणि लावलेत तर कोणत्या दराने ते त्याच पानावर छापा.

बाकी, पुढच्या वेळी कोणी 'उत्पादकता बुडाली'चं प्रेझेंटेशन दाखवलं तर हात वर करून एवढंच विचारा... यात ज्यांना पगार नाही ती माणसं कुठल्या स्लाइडवर आहेत?