काना गावचे लग्न आणि आपली लग्ने

नाताळ सरला की उपवासकाळ लागेपर्यंत वसईत लग्नांचा हंगाम असतो. या दिवसांत आपल्या कुठल्याही धर्मग्रामात फेरी मारावी. चर्चमधला विवाहसंस्कार तासाभरात आटोपतो; त्याच्या मागचा-पुढचा थाट मात्र दिवसचे दिवस चालतो. मिस्सेला उशिरा पोहोचणारे पाहुणे मेजवानीला अचूक वेळेवर हजर असतात. वधूवरांनी परमेश्वरासमोर कोणते वचन दिले ते कुणाच्या स्मरणात राहत नाही. ताटात किती पदार्थ होते, हे मात्र वर्षभर सांगितले जाते.

यावर बोलू लागले की एक उत्तर ठरलेले असते : 'प्रभू येशूसुद्धा काना गावच्या लग्नाला गेला होता ना?' गेला होता, आणि आपला पहिला चमत्कारही त्याने तेथेच केला. ख्रिस्ती धर्म आनंदाचा वैरी नाही, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु त्या लग्नात घडले काय? द्राक्षारस संपला होता. यजमानाची चारचौघांत नाचक्की होणार होती. पवित्र मरियेच्या ते ध्यानात आले आणि प्रभूने त्या घराची अब्रू राखली.

आपली लग्ने नेमके याच्या उलट करतात. एकाने मांडवात हजार पाने वाढली की रिक्षा चालवून संसार करणाऱ्या शेजाऱ्यालाही निदान पाचशे वाढावीच लागतात. तो कर्ज काढतो. लेकीच्या पहिल्या बाळाचा स्नानसंस्कार होतो, तरी तिच्या लग्नाचे हप्ते फिटलेले नसतात. प्रभूने अडलेल्या घराची लाज झाकली. आपण ती वेशीवर टांगतो.

आणि ज्यांना कर्ज काढावे लागत नाही, त्यांचा पैसा तरी कोठून येतो? अनेकदा तो वाडी विकून येतो. याच वाड्यांत आपल्या आजोबांनी राहाट हाकून केळी, विड्याची पाने आणि भाजीपाला पिकवला. तो मुंबईच्या बाजारात विकून मुले शिकवली. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे आपण रस्त्यावर उतरलो. २०२० साली ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपली मान उंचावली. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा आपले डोळे पाणावले. पण बिल्डरांविरुद्ध वळलेल्या त्या मुठी बिल्डरांच्या कागदावर सही करण्यासाठी किती सहज सैल झाल्या, याचा हिशेब कोण देणार? पिढ्यांनी राखलेली जमीन चार दिवसांच्या दिमाखासाठी जाते आणि आपण त्याला 'प्रगती' म्हणतो!

संत गोन्सालो गार्सिया हा आपल्याच वसईचा सुपुत्र. जपानमध्ये त्याने व्यापारात चांगला जम बसवला होता. पैसा होता, मान होता. ते सारे सोडून तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे श्रद्धेसाठी क्रुसावर मेला. १८६२ साली तो संतपदी चढला. त्याचा सण आपण भक्तिभावाने साजरा करतो. परंतु त्याने जे सोडले, नेमके तेच मागण्यासाठी आपल्यापैकी कित्येक जण त्याच्यासमोर मेणबत्ती लावतात. ही भक्ती की सौदा?

आम्ही लग्ने सुतकी करा म्हणत नाही. गाणी व्हावीत, आप्त जेवावेत. आमचा प्रश्न क्रमाचा आहे. देवाचे राज्य आधी, बाकीचे मागून, हा प्रभूने घालून दिलेला क्रम आपण उलटा केला आहे. माणसाचा अग्रक्रम त्याच्या प्रार्थनेपेक्षा त्याच्या खर्चाच्या वहीत अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून लग्न ठरले की त्या वहीत पहिली रक्कम गरजूंच्या नावे लिहू या. मेजवानीसाठी वाडीचा तुकडाही विकणार नाही, असे घरातल्या घरात ठरवू या. परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलवा, असे लूकच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो. आपल्या वाडीत वर्षानुवर्षे राबलेले आदिवासी कुटुंब लग्नाच्या दिवशी मांडवामागे भांडी घासत असते. त्या कुटुंबाला यंदा मांडवात, आपल्या पंगतीला बसवण्याची आपली तयारी आहे काय? त्या पंगतीला प्रभू नक्की येईल. इतर पंगतींविषयी आम्हाला तशी खात्री देता येत नाही.