मज्जातंतूंची राखण गावच्या टाकीपाशी

विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदराने कुरतडली, तर आतली तार शाबूत असूनही मोटार बंद पडते. माणसाचेही तसेच आहे. मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते खराब झाले की निरोप रेंगाळतात, वाटेतच अडतात. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही. आजार छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला, तर श्वासही यंत्रावर घ्यावा लागतो.

हा आजार म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, अर्थात जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याची साथ आली. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. त्याच सुमारास सातारा आणि सांगली जिल्ह्यांतही रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या आणि घरोघरी धास्ती पसरली.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पुण्यातील अनेक रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. त्याच्याशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती कधी कधी चुकते आणि मज्जातंतूंवर उलटते. कधी आवरण जाते, कधी आतला तंतूही दुखावतो. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण त्यासाठी महिने लागतात, इंजेक्शनांच्या खर्चाने घर वाकते आणि काही जण दगावतातही.

म्हणूनच या आजाराचा विचार इस्पितळात नव्हे, गावच्या पाण्याच्या टाकीपाशी सुरू व्हायला हवा. कृष्णाकाठच्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असंख्य गावे नदीचेच पाणी पितात आणि त्याच नदीत वरच्या गावांचे सांडपाणी येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर हे सांगण्याची गरजच उरू नये. तरीही ग्रामसभेत रस्ता, सभामंडप यांवर तासन्तास चर्चा होते. टीसीएल पावडर संपली का, ओटी टेस्ट रोज होते का, हे कोणी विचारत नाही. जलसुरक्षकाच्या कामाची आठवण गॅस्ट्रोची साथ आली की होते.

हा प्रश्न घरातल्या बायकांनी विचारावा. पाणी भरतात त्या, आजाऱ्याच्या उशाशी बसतात त्याच. रोजच्या तपासणीची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, एवढीच मागणी करावी. आणि जुलाब थांबल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पायातले बळ गेले, तर अशक्तपणा म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे.

मूठभर पावडर स्वस्त आहे. ती विसरण्याची किंमत मात्र एखाद्या घराला वर्षभर फेडावी लागते.