टॉर्च धरणारीचं कोण ऐकतं?

‘काकू, जरा टॉर्च धरा न!’

घरात गाडी असलेल्या बहुतेक बायकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. कधी नवरा म्हणतो, कधी मुलगा. मला म्हणणारा माझा पुतण्या होता.

बोदलकसा म्हटलं की गोंदिया जिल्ह्यातल्या माणसांना तिथला तलाव आठवतो. आमच्यासाठी मात्र बोदलकसा म्हणजे थोरल्या जाऊबाईंचं घर. पावसाळ्यातला रविवार होता. येताना रस्त्यावरच्या दगडाला गाडी खालून घासली आणि पुढच्या बाजूनं काहीतरी फरफटत असल्याचा आवाज यायला लागला. चांगलं गॅरेज म्हणजे तिरोडा गाठायचं, आणि त्यात रविवार. पुतण्या म्हणाला, ‘खालचं कव्हर सुटलं असेल. तारेनं बांधून देतो, पाच मिनिटांचं काम.’

अंगण शेणानं सारवलेलं, वरून आठ दिवसांचा पाऊस. त्यानं डिकीतला जॅक काढला, पुढच्या चाकाच्या मागे लावला आणि फिरवायला घेतला. गाडी वर आली. जाऊबाईंनी स्वतःहून विचारलं, ‘विटा देऊ का रे?’ न्हाणीच्या कामाच्या उरलेल्या चार विटा त्यांनी आणून दिल्या. त्यानं त्या गाडीखाली एकावर एक रचल्या आणि पाठीवर झोपून आत सरकला. मी टॉर्च धरली.

इथं मला खरं सांगायला हवं. जॅकचा पाय एका बाजूनं मातीत रुतत चाललेला मला दिसला होता. सरळ उभा असलेला जॅक जरासा कलला होता. मी म्हटलंसुद्धा, ‘अरे, हे वाकडं दिसतंय.’ आतून आवाज आला, ‘काही होत नाही जी, काकू.’ ओट्यावर बसलेले भाऊजी हसले. आणि मी गप्प बसले. गाडीतलं आपल्याला काय कळतं!

दोन मिनिटांनी तार तोडायला पक्कड हवी म्हणून तो बाहेर आला. तो उभा राहतोय तोच गाडी पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि गाडी धाडकन खाली बसली. विटांचा चुरा झाला. जिथं क्षणापूर्वी त्याची छाती होती, तिथं आता हातही घालता आला नसता. जाऊबाईंच्या हातातला चहाचा कप पडला. भाऊजी हसायचे थांबले.

पक्कड त्यानं आधीच सोबत नेली असती तर? हा विचार मी अजूनही पुरा करू शकत नाही.

मैत्रिणींनो, साध्या छोट्या गाडीचं वजन सात-आठशे किलो असतं. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर चाळीस किलोवाले धानाचे वीस कट्टे. तेवढे कट्टे एका स्क्रूवर तोलून धरलेत आणि खाली आपला मुलगा झोपलाय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. किती जणी गप्प बसतील? चुलीवरचं पातेलं जरा कलंडतंय असं वाटलं की आपण धावतो. माचोलीच्या दोरीची गाठ सैल झाली तर मूल त्यात घालत नाही. तोल जातोय हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. मला कळलं होतं. बोलायचा हक्क आपला आहे, एवढंच कळलं नव्हतं.

गाडी पुजायचा मान मात्र आपल्याला मिळतो. दसऱ्याला हळदकुंकू आपण वाहायचं, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू आपण ठेवायचं. चाकाला दगड लावलाय का, हे विचारलं की ‘तू आत जा’!

त्या दिवसानंतर मी गाडीसोबत आलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की हा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. इतकी वर्षं ते पुस्तक पीयूसीच्या कागदांखाली पडून होतं. मग तिरोड्याच्या एका मेकॅनिकला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. धरून ठेवायला लोखंडी स्टँड वेगळे मिळतात, आणि ते सपाट, टणक जमिनीवरच लावायचे. मातीवर नुसता जॅकही उभा करायचा तर खाली जाड, रुंद फळी हवी. वीट कधीच नको. वीट वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. बहुतेक छोट्या गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, म्हणून मागची बाजू उचलली की तो कामाचा राहत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. शिवाय काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची, म्हणजे गाडी पडलीच तर चाकावर पडेल. हे सगळं ऐकायला मला दहा मिनिटं लागली, समजायला त्याहून कमी. स्टँडची जोडी एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडते.

मातृदिन आला की व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट हमखास फिरते. मुलाच्या अंगावरची गाडी उचलणाऱ्या आईची. ती खरी आहे. 1982 साली अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या लॉरेन्सव्हिल गावात ती घडली. मुलगा 1964 ची शेवरोले इम्पाला दुरुस्त करत होता, गाडी जॅकवरून घसरली आणि तो खाली अडकला. आईनं हातांनी गाडी काही इंच उचलून धरली. आपण सगळ्या ती गोष्ट पाणावल्या डोळ्यांनी पुढे पाठवतो. पण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग कुणी पाठवत नाही. आईनं गाडी धरली तेवढ्यात शेजाऱ्यांनी पुन्हा जॅक लावला आणि मुलाला ओढून काढलं, म्हणून तो वाचला. शेजारी आले नसते तर आईचे हात किती वेळ पुरले असते? छातीवर वजन आलं की माणसाला श्वास घेता येत नाही, ओरडताही येत नाही. घरात मिक्सर सुरू असेल तर अंगणातलं कळायचंही नाही. मला त्या आईचं कौतुक आहेच. पण आईच्या अंगात बळ संचारण्याची वाट का बघायची?

मुलांनी घरी गाडीचं काम करू नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. करावं, आणि मुलींनीही करावं. प्रत्येक वेळी गॅरेजचं बिल परवडत नाही, आणि बोदलकशासारख्या गावात रविवारी गॅरेज तरी कुठून आणायचं? पण टॉर्च धरायला उभं केलेल्या माणसानं ‘थांब’ म्हटलं तर खालच्यानं बाहेर यायचं. आधी बाहेर यायचं, वाद नंतर घालायचा. आमच्या घरात हा नियम झालाय. भाऊजींना तो अजून पटलेला नाही. ‘बायकांच्या शंकांना अंत नसतो,’ म्हणतात. असेना.

पुतण्यानं स्टँड आणले. पोळ्याला गेलो तेव्हा गाडीचं काहीतरी काम पुन्हा निघालंच होतं. या वेळी गाडी त्यानं न्हाणीजवळच्या काँक्रीटवर घेतली. आणि तो खाली गेल्यावर जाऊबाई चहा करायला आत गेल्या नाहीत. पाट घेऊन तिथंच बसल्या, जॅककडे बघत.