कचऱ्याची बादली आणि हजेरीची वही



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जण बसलो होतो. घंटागाडीवर मदतनीस म्हणून जाणारा आमच्या वस्तीतला एक तरुण उजवा हात मागे धरून उभा होता. विचारले तेव्हा म्हणाला, "काही नाही काका, पिशवीत फुटकी ट्यूबलाइट होती. वरून शिळी भाजी होती, दिसली नाही." तळहाताला चार टाके पडले होते. दोन दिवस घरी बसला, दोन दिवसांची मजुरी बुडाली. "हातमोजे कुठे आहेत?" मी विचारले. "मागच्या उन्हाळ्यात एक जोड मिळाला होता काका, तो कधीच फाटला."

घरी येताना मनात एकच विचार होता. ती पिशवी कोणाच्या घरातली असेल? कदाचित तुमच्या, कदाचित माझ्याही. हे काम जातीने आपल्या माणसांच्या माथी मारले. आपल्यातले अनेकजण शिकले, नोकरीला लागले, या कामातून बाहेर पडले. पण आज आपल्याच घरातून निघालेला मिसळलेला कचरा आपल्याच माणसाच्या हातात जातो, याचा विचार आपण करतो का? म्हणून आज कचऱ्याच्या नियमांची माहिती देत आहे. अर्धी माहिती घरातल्या माणसांसाठी आहे आणि अर्धी गाडीवरच्या माणसांसाठी.

प्रथम घरातले पाहू. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते : ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे म्हणून जे नवे नियम काढले गेले, त्यांत चार भाग केले आहेत. ओला म्हणजे उरलेले अन्न, भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा. सुका म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, पत्रा, काच. तिसरा भाग डायपर आणि सॅनिटरी पॅडचा. हे कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे. चौथा भाग विशेष काळजीचा : बल्ब, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर. माझ्या शेजारच्या मुलाचा हात या चौथ्या भागाने कापला. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीने बांधून, गाडीवाल्याच्या हातात सांगून द्यावी. याला पाच पैसे खर्च नाही.

काही भगिनी म्हणतात, "भाऊ, आम्ही वेगळा दिला तरी गाडीत एकत्रच टाकतात, मग कशाला?" ही तक्रार रास्त आहे. ज्या ठेक्यात बिल वजनावर निघते, त्यात ओले-सुके एकत्र असले काय नि माती असली काय, ठेकेदाराला वजनाशी मतलब. कचरा वेगळा ठेवण्यात त्याचा फायदा नाही. पण म्हणून आपण वेगळा करणे सोडले तर तक्रार करण्याचा आपला हक्कच जातो. आधी गल्लीतल्या दहा घरांनी वेगळा कचरा द्यावा आणि मग दहा सह्यांचा अर्ज महापालिकेत द्यावा. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी. बिनपोचेचा अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे मी कारकून म्हणून अनुभवाने सांगतो.

मालेगावला सुक्या कचऱ्याचे मोल सांगण्याची खरे तर गरज नाही. यंत्रमागाचे हे गाव जुन्या प्लास्टिकचेही गाव आहे. गावोगावचे भंगार प्लास्टिक इथे येते, निवडले जाते, त्याची गिट्टी होते, ती धुऊन वितळवून दाणा होतो आणि त्यातून शेतीचे पाइप निघतात. या धंद्यातला कोणीही सांगेल की स्वच्छ प्लास्टिकला एक भाव आणि भाजीच्या पाण्यात भिजलेल्या प्लास्टिकला दुसरा. खरकट्यात मिसळलेली बाटली निवडायला वेळ जातो, धुवायला पाणी जाते आणि ते घाण पाणी शेवटी गटारीतून मोसमकडेच जाते. भंगार वेचून पोट भरणाऱ्या आपल्या मायबहिणींचा दर तुमच्या-आमच्या बादलीत ठरतो.

आता गाडीवरच्या बांधवांसाठी. हातमोजे ही कोणाची मेहरबानी नाही. गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क ठेकेदार कामगाराला देतो की नाही, हे महापालिकेने पाहावे, असे २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. नियम नवे झाले म्हणून काच बोथट झालेली नाही. साहित्य मिळाले नसेल तर तोंडी मागू नका, लेखी मागा. एकट्याने मागू नका, सगळ्यांनी मिळून मागा. ठेकेदाराने पगार थकविला तर ती जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावर येते. हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या कामगार संहितेतही ठेवले आहे.

यापुढची गोष्ट मुंबईची आहे. तिथे कचरा वाहतुकीच्या कंत्राटी कामगारांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांना कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हणण्याचीही युक्ती झाली. स्वयंसेवक म्हटले की किमान वेतन नको, फंड नको. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वर्षानुवर्षे कोर्टात चालविला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी कामगारांच्या बाजूने कौल दिला. २,७०० कामगारांना कायम करण्याचा तो निकाल होता. पण निकालानंतरही अनेकांची अडवणूक झाली. कारण काय, तर यादीतले नाव आणि कागदपत्रांवरचे नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक! वर्षानुवर्षे मुंबईचा कचरा उचलला आणि एका अक्षरापाशी गाडी अडली.

म्हणून हात जोडून सांगतो, पुढील कागद एका पिशवीत नीट ठेवा. आधार, बँक पासबुक, हजेरीकार्ड आणि पगाराची पावती या सर्वांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे आजच पाहा. फरक असेल तर वेळ आहे तोवर दुरुस्त करून घ्या. पगारातून फंड कापला जात असेल तर यू.ए.एन. क्रमांक मागा आणि रक्कम खरोखर जमा होते का ते तपासा. ई.एस.आय. लागू असेल तर तुमच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया जातो आणि मालकाने सव्वातीन रुपये भरायचे असतात. कार्ड मिळाले नसेल तर तो पाऊण रुपया कुठे गेला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. भंगार वेचणाऱ्या भगिनींसाठी केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचाही समावेश झाला आहे. त्यात नोंद झाली की ओळखपत्र आणि आयुष्मान आरोग्य विम्याचा मार्ग खुला होतो. महापालिकेत जाऊन नोंदणीची चौकशी अवश्य करा.

पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या भगिनी १९९३ मध्ये एकत्र आल्या, त्यांनी संघटनेतून ओळखपत्र मिळविले आणि २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करू लागली. त्यांनी सुरुवात ओळखपत्रापासून केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी विहाराच्या ओट्यावर पेन आणि कोरे कागद घेऊन बसणार आहे. ज्यांच्या नावात फरक असेल, ज्यांना हातमोज्यांचा अर्ज लिहायचा असेल, त्यांनी आपली कागदांची पिशवी घेऊन यावे. आणि ज्यांच्या घरी आजही एकच बादली आहे, त्यांनी येताना बाजारातून दुसरी घेऊन जावी. त्या मुलाचे टाके अजून निघायचे आहेत, पण तो सोमवारपासून पुन्हा गाडीवर जातो आहे.