सर्व्हर पुन्हा सुरू करणे ही दुरुस्ती नव्हे

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपासाठी अर्ज करण्याची मुदत बहुतेक राज्यांत सामान्यतः ३१ जुलैला संपते. त्याआधीच्या आठवड्यात सेवा केंद्रांवर ‘सर्व्हर स्लो आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकू येणे आता नवलाचे राहिलेले नाही. बिगर-कर्जदार शेतकऱ्यासाठी हा ‘उद्या’ महाग असतो. ऐन निंदणीच्या दिवसांत त्याचा एक खाडा पडतो आणि मुदत हुकली तर हंगामभराचे विमासंरक्षणच जाते. तरीही ही मंदगती अवर्षणासारखी गृहीत धरली जाते. वस्तुतः तिची कारणे शोधता येतात, आणि पुष्कळदा ती साधी निघतात.

सध्याचे रूढ उपाय दोन आहेत: सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे आणि मुदत वाढवून देणे. विहिरीवरची मोटार वारंवार ट्रिप होत असताना स्टार्टरचे बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्यास कोणीही जाणकार शहाणा म्हणणार नाही. तो आधी व्होल्टेज पाहील, मग बेअरिंग. सर्व्हरच्या बाबतीत मात्र बटण दाबणे हीच दुरुस्ती समजली जाते. पुन्हा सुरू केल्याने अडकलेल्या जोडण्या सुटतात आणि काही तास बरे जातात, पण त्या कशामुळे अडकल्या याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. मुदतवाढीने गर्दी कमी होत नाही, ती नव्या शेवटच्या दिवसाकडे सरकते.

कारणांपैकी सर्वांत अधिक आढळणारे कारण अनुक्रमणिकेचे, म्हणजे इंडेक्सचे. महाराष्ट्रातील वाचकांना त्यासाठी सातबारा आणि आठ-अ यांचे उदाहरण पुरेसे आहे. सातबारा गट क्रमांकानुसार असतो. एका खातेदाराची गावातील सगळी जमीन शोधायची आणि आठ-अ हाताशी नसेल, तर गावचे सारे सातबारे उलटावे लागतील. अर्ज क्रमांकावर अनुक्रमणिका आहे, पण शोध मोबाइल क्रमांकाने घेतला जातो, अशा वेळी डेटाबेसवर हीच पाळी येते. काही हजार नोंदींच्या चाचणीत हा दोष जाणवत नाही, एक कोटी नोंदी झाल्यावर जाणवतो. अनुक्रमणिका असूनही ती निरुपयोगी ठरण्याचे प्रकारही आहेत. नावाच्या मधल्या अक्षरांवरून शोध घेतला तर साधी अनुक्रमणिका चालत नाही. मायएसक्यूएलमध्ये मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला असताना शोध अंक म्हणून घेतला, तरीही ती बाजूला पडते. म्हणून दिसेल त्या रकान्यावर अनुक्रमणिका चढवावी, असेही नाही. प्रत्येक नव्या अर्जाबरोबर त्या सगळ्या अद्ययावत कराव्या लागतात आणि नोंदणीच मंदावते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. डेटाबेस आपल्या तक्त्यांचा अंदाज ठेवतो आणि त्यावरून शोधाचा मार्ग ठरवतो. पोस्टग्रेसमध्ये हा अंदाज मूळ मांडणीनुसार सुमारे १० टक्के नोंदी बदलल्यावर आपोआप ताजा होतो, आणि निरुपयोगी झालेल्या जुन्या नोंदींची सफाई सुमारे २० टक्क्यांवर होते. एक कोटी नोंदींच्या तक्त्यात याचा अर्थ अनुक्रमे १० लाख आणि २० लाख. शेवटच्या दोन दिवसांत पाच लाख अर्ज आले, तरी प्रणालीच्या लेखी ते जणू आलेलेच नसतात, आणि ती चुकीचा मार्ग निवडू शकते. मोठ्या तक्त्यांसाठी ही टक्केवारी कमी करणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्यासाठी निविदा लागत नाही.

आणि मग अहवाल. हंगामाच्या शेवटी प्रत्येक स्तरावरून तालुकानिहाय, पीकनिहाय, दर तासाची प्रगती मागितली जाते. असा एक अहवाल संपूर्ण तक्ता वाचून काढतो, आणि तो बहुधा त्याच सर्व्हरवर चालतो जेथे शेतकरी अर्ज भरत असतो. कामाचे मोजमाप कामालाच आडवे येते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १०० जोडण्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक मागणी ०.०५ सेकंदात संपत असेल तर कागदावर सेकंदाला २,००० मागण्या भागतात. तीच मागणी २ सेकंद घेऊ लागली की केवळ ५०. त्यात कंटाळलेला केंद्रचालक पान पुन्हा उघडतो, पहिली मागणी पुष्कळदा आत चालूच राहते आणि दुसरी तिच्या मागे उभी राहते. जोडण्यांची संख्या वाढवल्याने डिस्क वा प्रोसेसर वाढत नाहीत. गर्दी बाहेरून आत येते, इतकेच. अहवालांसाठी डेटाबेसची दुय्यम प्रत ठेवणे, किंवा सारांशाचा तक्ता ठरावीक वेळाने तयार करणे, हा यावरचा परिचित उपाय आहे. अधिकाऱ्यांनी एक तास जुना आकडा चालवून घेतला तर काही बिघडत नाही.

मोठा सर्व्हर कधीच लागत नाही असे नव्हे. नोंदी खरोखरच वाढलेल्या असतात. परंतु मोजमापाआधी केलेली खरेदी ही माती परीक्षणाआधी टाकलेल्या खतासारखी असते, आणि विस्तार यंत्रणेला तिचा अर्थ वेगळा सांगायला नको.

निदानाची सुरुवात वेळेच्या नोंदीपासून होते. रोज ठरावीक वेळी येणारी मंदगती बॅकअप किंवा अहवालाकडे बोट दाखवते. हळूहळू वाढत जाऊन पुन्हा सुरू केल्यावर नाहीशी होणारी मंदगती न सुटलेल्या जोडण्यांकडे. येथे विस्तार कार्यकर्त्याचे साहाय्य मोलाचे आहे. ‘सर्व्हर डाउन’ या तक्रारीतून तंत्रज्ञाला काहीच हाती लागत नाही. ‘१० वाजून ४० मिनिटांनी लॉगिन झाले, इतर संकेतस्थळे उघडत होती, मोबाइल क्रमांकाने शोध घेताच पान अडकले’ ही तक्रार निम्मे निदान करून देते. अशा २० नोंदी एका जिल्ह्यातून आल्या तर दोष नेटवर्कचा की डेटाबेसचा, हे बहुधा उघड होते.

दुसऱ्या बाजूला, मंद मागण्यांची नोंदवही मूळ मांडणीत पोस्टग्रेसमध्ये बंदच असते. मायएसक्यूएलमध्येही ती सुरू करावी लागते, आणि १० सेकंदांची मूळ मर्यादा एका सेकंदावर आणावी लागते. संगणक सेवेच्या करारात ही नोंदवही पूर्ण हंगामभर जपण्याची आणि हंगाम संपल्यावर सर्वांत मंद अशा दहा मागण्यांचा खुलासा देण्याची अट घालावी. रब्बीची मुदत साधारणतः ३१ डिसेंबरला येते. जुलैची नोंदवही ऑक्टोबरात वाचून दुरुस्ती आणि भारचाचणी करण्यास पुरेसा अवधी मिळतो, मात्र ती नोंदवही जुलैमध्ये सुरू असावी लागते.