फटका आणि त्याचा भिडू

'चिल्लर पार्टी' (२०११) हा मुंबईतल्या एका सोसायटीतल्या मुलांचा सिनेमा. गाड्या धुणारा अनाथ फटका आणि त्याचा कुत्रा भिडू मुलांना आधी नकोसे होतात, मग जिवलग. मंत्री भटके कुत्रे हटवायला निघतो, तेव्हा हीच मुले भिडूसाठी रहिवाशांच्या सह्या मागत दारोदार फिरतात. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला आहे.

आम्ही घरात कुत्रा पाळत नाही. पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस मुलांना आवर्जून सांगतो. मग अंधेरी-घाटकोपरच्या गल्लीत तीच मुले कुत्र्याला दगड मारतात, तेव्हा आम्ही गप्प का? हा सिनेमा मुलांसोबत बसून पाहू या. नंतर त्यांना विचारू या, आपल्या इमारतीत गाड्या धुणाऱ्याचे नाव काय?