कॅल्क्युलस शिकावं ते चाळिशीनंतर

पन्नाशीतल्या माणसाने बासरीचा क्लास लावला की लोक कौतुक करतात. गीतेचे अध्याय पाठ करायला घेतले तर आदर वाटतो. हाफ मॅरेथॉन पळाला तर फोटोला अंगठ्यांचा पाऊस पडतो. त्याच माणसाने संध्याकाळी वही उघडून बारावीचं कॅल्क्युलस पुन्हा सोडवायला घेतलं, तर मात्र घरचे एकमेकांकडे बघायला लागतात. मग ठरलेले प्रश्न येतात. आता या वयात? उपयोग काय? आणि हे सगळं मोबाइल करून देतो ना? त्यातल्या त्यात जाणकार असतात त्यांचं म्हणणं आणखी वेगळं. काही म्हणतात, करायचंच तर अगदी पायापासून करा, आणि काही म्हणतात, छान छान व्हिडिओ आहेत, तेवढे बघा, बास.

या प्रत्येक म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि त्या तथ्याच्या आडून बरंच चुकीचं खपवलं जातं.

आधी वयाचं बघू. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण गणिताच्या बाबतीत आपण साठीची वाट न बघता चाळिशीलाच लावून टाकली आहे. तिला विद्वत्तेची फोडणी द्यायची असली की जी. एच. हार्डीचं नाव येतं. या थोर इंग्रज गणितज्ञाने १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटं पुस्तक लिहिलं आणि गणित हे तरुणांचंच काम असल्याचं त्यात बजावलं. पण हार्डी बोलत होता ते नवं गणित निर्माण करण्याबद्दल. तीनशे वर्षांपूर्वी रुळलेली गोष्ट समजून घेण्याबद्दल त्याने असं काही म्हटलेलं नाही. रामानुजन होता येत नाही म्हणून अवकलनही करायचं नाही, हा कुठला न्याय?

विस्मरणाबद्दल तर अंदाजाने बोलायचीही गरज नाही. १९९१ साली हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत शिकलेलं बीजगणित डोक्यात किती वर्षं टिकतं, हे त्यांनी तपासलं होतं. त्यांच्या परीक्षेला बसलेल्या काहींना ते शिकून ५० वर्षं होऊन गेली होती. ज्यांचं गणित कॅल्क्युलसपर्यंत किंवा त्याच्या पुढे गेलं होतं, त्यांचं बीजगणित मधली सगळी वर्षं सराव नसूनही जवळजवळ शाबूत निघालं. ज्यांनी पहिल्याच पायरीवर गणिताला रामराम ठोकला होता, त्यांचं बहुतेक सगळं पुसलं गेलं होतं. शाळेच्या परीक्षेत मार्क किती पडले होते याने फारसा फरक पडला नव्हता. फरक पडला तो गणिताशी किती वर्षं संबंध राहिला याने. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १८८५मध्ये, हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की विसरलेली गोष्ट पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे ‘पार विसरलो हो’ म्हणणारा माणूसही अगदी कोऱ्या पाटीने बसत नाही.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर भास्कराचार्य आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची वंशावळ कोरली आहे, ते. जन्म १११४चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ३६व्या वर्षी, ११५० साली पूर्ण केला. ग्रहाची दिवसाची सरासरी गती वेगळी आणि नेमक्या त्या क्षणाची गती वेगळी, हे त्यात आहे. ती काढताना ज्येतला फरक कोटिज्येच्या प्रमाणात धरायचा, हेही आहे. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, असं आपण बारावीत घोकतो ते हेच. आणि ‘करणकुतूहल’ त्यांनी रचलं ११८३ साली, म्हणजे वयाच्या ६९व्या वर्षी. (कॅल्क्युलस मुळात आपलंच, असे संदेश सकाळ-संध्याकाळ फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा त्या ज्या-कोटिज्येचं गणित हाताने करून बघावं. अभिमान कमी होणार नाही, उलट त्याला काही आधार मिळेल.)

उपयोगाबद्दल विचारणाऱ्याला ‘मेंदूला व्यायाम होतो’ असलं उत्तर देऊ नये. व्यायाम शब्दकोड्यानेही होतो आणि शब्दकोडं स्वस्तात पडतं. उपयोगाचंच बोलायचं तर सरळ पैशाचं बोलू. ३० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण २६,०३५ रुपये बसतो. पहिल्या महिन्याचं व्याजच २१,२५० रुपये होतं. मुद्दलातून वळते होतात फक्त ४,७८५. दहा वर्षं झाली की निम्मं कर्ज फिटलं असेल, असं माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षं जातात. हप्ते भरणाऱ्या प्रत्येकाने बँकेचं स्टेटमेंट बघून ‘मुद्दल हलतच नाही’ असं कधी ना कधी म्हटलेलं असतं.

आता हे आकडे काढायला कॅल्क्युलस लागत नाही, हे मान्यच आहे. बँकेचं ॲप देतं, एक्सेल देतं. पण आकडे असे वाकडे का चालतात, ते ॲप सांगत नाही. कर्ज घटण्याचा वेग म्हणजे हप्त्यातून व्याज वजा जाऊन जे उरतं ते. व्याज ठरतं उरलेल्या कर्जावर. म्हणजे कर्ज किती वेगाने घटायचं, हे कर्ज किती उरलंय यावरच ठरतं. सुरुवातीला डोंगर मोठा, म्हणून वेग कमी. शेवटी शेवटी तो धडाधड खाली येतो. हे सगळं एका ओळीच्या समीकरणात मावतं. ते समीकरण एकदा अंगी मुरलं की पहिल्या दोन वर्षांत जादा भरलेले ५० हजार शेवटच्या दोन वर्षांतल्या ५० हजारांपेक्षा कितीतरी जास्त काम का करतात, हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. शिवाय रक्तातलं औषध उतरणं, चहा निवणं, साथीच्या सुरुवातीला रोगी वाढणं ही सगळी त्याच समीकरणाची भावंडं. सतरा वर्षांच्या मुलापुढे हे मांडून बघा. त्याने हप्ता भरलेला नसतो, कुणाच्या उशाशी बसून ताप मोजलेला नसतो. बदलाचा वेग ही गोष्ट त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातली असते. चाळिशीतल्या माणसाने ती सोसलेली असते.

कॅल्क्युलसला हेच वय योग्य, असं मी म्हणतो ते यामुळे. आपण ते एकदा शिकलो होतो, हा बहुतेकांचा समज आहे. मला तो पटत नाही. आपण शिकलो होतो ती उत्तर काढायची रीत. इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स आलं की ‘लायेट’ आठवायचं आणि पुढे जायचं. शेवटी ‘प्लस सी’ राहिला की अर्धा मार्क गेला. आज सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तेवढ्या वेळात सूत्र आठवतं, शंका यायला फुरसत नसते.

शंका येणं म्हणजे काय, ते एका गणितात बघू. एक भागिले क्षचा वर्ग. याचं उणे एकपासून अधिक एकपर्यंत इंटिग्रेशन करा. सूत्र तोंडपाठ असलेला दोन ओळींत मोकळा होतो. इंटिग्रल उणे एक भागिले क्ष, वरचं लिमिट घातलं की उणे एक, खालचं घातलं की अधिक एक, वजाबाकी उणे दोन. खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं गणित घ्यायचं. पण जरा थांबा. वर्ग कधी ऋण नसतो. म्हणजे हा आलेख सबंध अक्षाच्या वरच आहे. वर असलेल्या आलेखाखालचं क्षेत्रफळ उणे दोन कसं येईल? घोळ मधोमध आहे. क्ष शून्याजवळ गेला की आलेख आभाळात निघून जातो, सूत्र वापरायची अटच तिथे मोडते आणि त्या क्षेत्रफळाला मर्यादित असं उत्तरच उरत नाही. उणे दोन बघून ज्याची पेन्सिल अडली, त्याला कॅल्क्युलस येतं. बाकीच्यांना मार्क येतात.

मोबाइलवाल्यांना उत्तर द्यायचं तेही इथेच. यंत्राला हेच गणित घातलं तर ते बहुधा बरोबर सांगेल. पण एखाद्या दिवशी त्याने ठामपणे उणे दोन सांगितलं, तर ते ओळखायचं कुणी? हिशेब यंत्रावर सोपवायला माझी काही हरकत नाही. पण हे सोपवणं ज्याला हिशेब कळतो त्याने करावं. गंमत म्हणजे ज्या यंत्राच्या भरवशावर कॅल्क्युलस मोडीत काढलं जातं, ते स्वतः त्याच्यावरच उभं आहे. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये मांडलेली, यंत्राला शिकवायची बॅकप्रॉपगेशनची पद्धत आतून बघितली तर निघतो तो चेन रूल, कॉलेजात आपण साइन ऑफ क्षवर्गसाठी वापरत होतो तोच. आयटीत वीस वर्षं काढलेली माणसं हल्ली रात्री बारावीची पुस्तकं शोधत बसतात, त्याचं एक कारण हे आहे.

आता जाणकारांकडे वळू. पायापासून करा म्हणणाऱ्यांचा पाया म्हणजे वास्तव संख्या, एप्सिलॉन, डेल्टा. तो भक्कम आहे, सुंदरही आहे. पण इमारत आधी उभी राहिली आणि पाया नंतर भरला गेला, हा इतिहास आहे. लाइबनिट्सचा कॅल्क्युलसवरचा पहिला निबंध छापून आला १६८४ साली. बर्कली नावाच्या पाद्र्याने १७३४मध्ये भर चौकात विचारलं, की तुमची ती अतिसूक्ष्म वाढ शून्य आहे की नाही, ते एकदा ठरवा. शून्य नसेल तर टाकून कशी देता, आणि असेल तर तिने भागता कसे? याचं पद्धतशीर उत्तर यायला १८२१ साली कोशीचं पुस्तक यावं लागलं आणि वायरश्ट्रासपर्यंत त्याची डागडुजी चालू राहिली. मधल्या काळात ऑयलरसारख्यांचं काम काही अडलं नव्हतं.

गंमत म्हणजे बर्कलीचा हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाला क्वचित पडतो. सर ‘टेंड्स टू झिरो’ म्हणतात, मुलं लिहून घेतात. मोठ्या माणसाला तो पहिल्याच आठवड्यात पडतो. कार्ल मार्क्सलाही पडला होता. उतारवयात त्याने कॅल्क्युलसचा अभ्यास मांडला होता, आणि १८८१ साली, ६३व्या वर्षी, त्याने त्यावरची टिपणं एंगेल्सला वाचायला दिली. शून्य भागिले शून्य या भानगडीने त्याला छळलं होतं. तो जुन्या पुस्तकांवरून शिकत होता आणि कोशीने हे कोडं कधीच सोडवलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून त्याला हसणारे हसतात. मला मात्र हातात पुस्तक घेऊन ‘हे असं कसं?’ म्हणणारा तो म्हातारा, तसं न म्हणता नव्वद टक्के मिळवणाऱ्यापेक्षा बरा विद्यार्थी वाटतो. तेव्हा पायाकडे जावं ते शंका घेऊन जावं. पायापासून सुरुवात केली तर बहुतेक जण पायातच गाडले जातात.

व्हिडिओंचं म्हणाल तर त्यांच्याशी माझं भांडण नाही. ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ची २०१७ची कॅल्क्युलसवरची मालिका बघून ज्याला काहीच उलगडलं नाही, असा माणूस मला भेटलेला नाही. पण दुसऱ्याच्या जोरबैठका बघून आपले दंड फुगत नाहीत. बघताना सगळं कळतं. वही उघडली की गाडी अडते, आणि ती कॅल्क्युलसमध्ये अडत नाही. दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग आपण खुशाल दोन लॉगांत फोडतो. वर्गमुळाखालची बेरीज सुटी करून टाकतो. अपूर्णांकात छेद एकीकडे राहतो, चिन्ह दुसरीकडे पळतं. डेरिव्हेटिव्ह बरोबर निघालेलं असतं आणि पुढच्या सरळ रूप देण्यात सगळं पाण्यात जातं. गणित जमत नाही असं म्हणून पुन्हा पुस्तक मिटणाऱ्यांपैकी बहुतेकांना नववी-दहावीचं बीजगणित नडलेलं असतं. त्याला व्हिडिओचा उतारा नाही. रोज चार-पाच गणितं, हाताने, कागदावर, आणि चुकली की कुठल्या ओळीत चुकली ते शोधणं, एवढाच उपाय आहे. हे कंटाळवाणं आहे. बासरीचे पलटे तरी कुठे मजेदार असतात?

तेव्हा ज्यांच्या मनात आहे, त्यांनी क्लास शोधत बसू नये, महागडा कोर्सही घेऊ नये. सिल्व्हेनस थॉम्प्सनचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ १९१० साली निघालं, तेव्हा लेखकाने त्यावर नावही घातलं नव्हतं. आता ते इंटरनेटवर फुकट मिळतं आणि आजही त्याच्या तोडीचं सोपं पुस्तक विरळा. सोबत बालभारतीचं बारावीचं गणित घ्या. त्याची पीडीएफही फुकट आहे, पण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाऊन छापील प्रतच आणा, कारण समासात लिहायला जागा लागते. एक दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर. प्रकरण पहिलं, उदाहरणसंग्रह पहिला. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली आहेत; ती आधी पाहू नका.